दिव्याखाली डिझायनर

आमच्या सासूबाई जावयाची ओळख करून देताना दरवेळी एकाच ठिकाणी अडखळतात. "आमचे जावई पुण्याला असतात, ते कॉम्प्युटरमध्ये…" इथपर्यंत गाडी नीट येते. पुढे "बटणं रंगवतात" असं घाईघाईने उरकून त्या चहाचं बघायला आत जातात. पूर्वी मला राग यायचा. 'इंटरॅक्शन डिझायनर' म्हणजे काय, हे मी त्यांना तीन वेगवेगळ्या दिवाळ्यांना फोड करून सांगितलं आहे. गेल्या पावसाळ्यापासून मात्र तो नाद सोडला. बटणं रंगवतात एवढंच त्या म्हणतात, नीट रंगवतात असा दावा तरी कुठे करतात?

झालं असं की भिवंडीच्या एका गोदामात स्कॅनरचा आवाज कामगारांना ऐकू येत नव्हता, आणि त्यावर काहीतरी 'दिसणारं' बनवून द्यायचं काम फिरत फिरत माझ्याकडे आलं.

हा स्कॅनर पिस्तुलासारखा मुठीत धरायचा असतो. वर मोबाइलएवढा पडदा, खाली घोडा. गोदामात त्याला कुणीही स्कॅनर म्हणत नाही, गन म्हणतात. खोक्यावरच्या बारकोडवर रोखून घोडा दाबला की लाल रेघ पडते, 'टुंई' होतं आणि माल हिशेबात चढतो. माल चुकीचा असला तर 'टुं-टुं'. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका सुपरमार्केटात च्युइंगमचं पाकीट पहिल्यांदा असं बारकोडवरून वाचलं गेलं. काउंटर एक, यंत्र एक, पाकीट एक. तिथे आवाजावर विसंबायला कुणाची हरकत नव्हती. भिवंडीच्या गाळ्यात एका वेळी चाळीस गना चालू असतात, आणि चाळिसांचीही टुंई सख्ख्या बहिणींसारखी एका तोंडवळ्याची.

मी हे काम उत्साहाने घेतलं. बारकोडशी माझी जुनी ओळख होती, हेही एक कारण. ओळख कसली, भांडण होतं. काही वर्षांपूर्वी एका मसाल्याच्या पाकिटाचं वेष्टन करताना मला त्या काळ्या रेघा फार खुपल्या. सगळं पाकीट लालबुंद, मिरचीसारखं, आणि कोपऱ्यात हे सुतक. मी पांढऱ्या चौकोनात बारकोडही लाल करून टाकला. दिसायला देखणा. पण स्कॅनरचा स्वतःचा उजेडच लाल असतो. लाल उजेडात पांढरा कागद जितका उजळतो, जवळजवळ तितकीच लाल शाईही उजळते. म्हणजे त्या यंत्राच्या लेखी माझ्या पाकिटावर कोरा कागद होता. माणसाला दिसेल आणि फक्त यंत्राला दिसणार नाही असा बारकोड मी काढला होता. एवढा अनुभव गाठीशी असताना मला घाबरायचं काय कारण?

पहिल्या भेटीला पहाटे निघालो आणि मानकोली नाक्यावर ट्रकांच्या रांगेत अडकून व्यवस्थित उशिरा पोचलो. गाळा म्हणजे क्रिकेटचं मैदान, वर पत्रे. आत शिरताच पहिल्यांदा वाटलं की काहीतरी मोडलंय. मग कळलं, रोजचंच आहे. रोलरचा पट्टा खडखडतोय, फोर्कलिफ्ट मागे येताना बोंबलतेय, हॅण्ड पॅलेटची चाकं काँक्रीटवरून दात खात चाललीत, पॅकिंगच्या टेबलांवर टेप फाडल्याचा चर्रर्र आवाज, कुणाच्या तरी खिशात भोजपुरी गाणं, आणि या सगळ्यावर पत्र्यावर कोसळणारा जुलैचा पाऊस. मी फोनवरच्या ॲपने आवाज मोजला. ८८ डेसिबल. पावसाची सर आली की ९१. अशा ॲपवर फार विश्वास ठेवू नये, पण मी सगळीकडे अभ्यास करून जातो. अमेरिकेतल्या 'नायोश' या संस्थेची शिफारस मला पाठ होती: ८५ डेसिबलमध्ये आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलमागे वेळ निम्मा. या हिशेबाने मला तिथे दोन तास मिळत होते. मी कानात बोळे घालून घड्याळ लावलं. ज्यांच्या शेजारी उभं राहून लावलं ते मामा तिथे बारा वर्षं होते.

मामा म्हणजे गोदामातले सगळ्यांत जुने पिकर. यादीप्रमाणे रॅकमधून माल काढायचा, गन मारायची, ट्रॉलीत टाकायचा. मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, "मामा, टुंई ऐकू येते का?"

"येते की!" मामा ओरडले.

"मग अडचण काय?"

"कुणाची ते कळत नाही!"

खरं तर काम तिथेच कळायला हवं होतं. मंगल कार्यालयात पंगत बसताना कुणा बाईने "अहो" अशी हाक मारली की चाळीस नवरे वळून बघतात, आणि जो वळायला हवा तो नेमका जिलबी वाढून घेत असतो. मामांचा प्रश्न हा 'अहो'चा प्रश्न होता. मी वहीत लिहिलं: 'आवाज कमी पडतो.'

पुण्याला परतून वातानुकूलित खोलीत, मऊ खुर्चीत बसून मी पहिलं डिझाइन केलं. स्कॅन बरोबर झाला की पडद्यावर मध्यभागी एक बिंदू उमटे, बिंदूची कळी होई, कळीची हिरवी बरोबरची खूण होई, आणि ती हलकेच विरून जाई. पूर्ण फुलायला एक सेकंद. चुकीच्या मालाला अशीच लाल फुली, आणि खाली मी स्वतः लिहिलेलं शुद्ध मराठी: 'अवैध प्रविष्टी. कृपया पुनःप्रयत्न करावा.' ऑफिसात प्रात्यक्षिकाच्या वेळी टाळ्या पडल्या. एक सहकारी म्हणाला, ध्यान करावंसं वाटतं याच्याकडे बघून.

गोदामात कुणी ध्यान केलं नाही. मामा एका सेकंदात एक खोकं संपवून पुढच्यावर गन रोखत होते. त्यामुळे पहिल्या खोक्याची कळी दुसऱ्या खोक्यावर फुलायची. दुसऱ्याची फुली तिसऱ्याच्या माथी. तिसऱ्या दिवशी कुकरच्या रबरी रिंगांचं एक खोकं नाशिकऐवजी नगरला गेलं आणि नाशिककरांना लहान मुलांचे डायपर मिळाले. सुपरवायझरने मला फोन करून विचारलं, "सर, ते फूल जरा लवकर उमलेल का?"

आणि मराठीबद्दल मामांनी विचारलं, "साहेब, हे अवैध म्हणजे काय हो? पोलिसांचं काही आहे का?" मी समजावून सांगितलं, की यादीत नसलेली वस्तू स्कॅन केली की ते येतं. "मग असं लिहा ना, माल आपला नाही." मी मान डोलावली आणि ते काही लिहिलं नाही. भाषेत तडजोड नको, असं मला तेव्हा वाटत असे.

दुसऱ्या डिझाइनच्या आधी मात्र मी दोन तास मामांच्या मागे मागे फिरलो, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. खालच्या कप्प्यातला माल काढताना मामा कमरेत वाकतात, गन गुडघ्यापाशी असते, पडदा छताकडे बघतो आणि मामा खोक्याकडे. वरच्या कप्प्याला हात उंचावला की पडद्याचा रोख त्यांच्या कानाकडे. ज्या पडद्यावर मी तीन आठवडे कळी फुलवत होतो त्या पडद्याकडे दिवसभरात बघायला माणूसच नव्हता.

तेव्हा मी ठरवलं, पडद्याकडे बघावंच लागू नये, डोळ्याच्या कोपऱ्यातून कळावं. खूण नको, फुली नको, अक्षर नको. अख्खा पडदा एकदम हिरवा किंवा अख्खा लाल. वेळही पाव सेकंद. साधेपणा हीच खरी कला वगैरे एक पानभर मी प्रस्तावात लिहिलं.

डोळ्याच्या कोपऱ्याबद्दल मला जे माहीत नव्हतं ते कुणीही घरबसल्या पाहू शकतं. सरळ समोर बघत राहा आणि कुणाला तरी तुमच्या कानाच्या बाजूने हळूहळू एक रंगीत पेन्सिल पुढे आणायला सांगा. काहीतरी हललं हे आधी कळतं. ते काहीतरी लाल आहे की हिरवं, हे कळायला पेन्सिल बरीच पुढे यावी लागते. रंग नीट ओळखण्याचं काम डोळा मधोमध करतो आणि कडेला फक्त पहारा ठेवतो. मी पहारेकऱ्याला रंगसंगती विचारत होतो.

त्यावर कडी मामांनी केली. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "साहेब, आता नेहमी एकच दिवा लागतो."

"एकच कसा? बरोबरला हिरवा, चुकीला लाल."

मामांनी इकडेतिकडे बघितलं, मला रॅकच्या आडोशाला घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, म्हणजे तिथल्या मानाने खालच्या, "मला दोन्ही सारखंच दिसतं. एक जरा मळकं, एवढाच फरक."

तरुणपणी मामा रेल्वेच्या असिस्टंट ड्रायव्हरच्या भरतीत लेखी परीक्षा पास झाले होते. मेडिकलला समोर ठिपक्यांची वही आली, जपानच्या इशिहारा नावाच्या डॉक्टरांनी १९१७ साली काढलेली, ठिपक्यांच्या गर्दीत आकडा लपवलेली. मामांना बहुतेक पानांवर फक्त गर्दी दिसली. पुढे बायकोलाही त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

"मग रस्त्यावरच्या सिग्नलला काय करता?" मी विचारलं.

"वरचा लागला की थांबायचं, खालचा लागला की निघायचं. त्यात काय?"

सिग्नल बनवणाऱ्याने मामांसाठी जागा ठेवली होती. मी पहिल्या डिझाइनमध्ये निदान फुली आणि खूण दिली होती, तीही कलेच्या नावाने पुसून टाकली. लाल-हिरव्याचा हा गोंधळ एक्स गुणसूत्रावरून येतो. पुरुषाकडे ते एकच असतं, त्यामुळे एक बिघडलं की बदली खेळाडू नसतो; म्हणून बायकांपेक्षा पुरुषांत तो कितीतरी जास्त. आणि पिकिंगला सगळे पुरुषच. जगात लाल आणि हिरवा या जोडीला सर्वांत गैरसोयीचा प्रेक्षक मी निवडून काढला होता.

त्या रात्री वाचत बसलो. अणुसिद्धान्तवाल्या जॉन डाल्टनलाही हेच होतं आणि १७९४ साली मँचेस्टरच्या विद्वत्सभेत त्याने स्वतःच्याच डोळ्यांवर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातलं पाणी निळं असावं, असा त्याचा तर्क. मेल्यावर डोळे तपासा, असं सांगून ठेवलं. १८४४ मध्ये तपासले, पाणी स्वच्छ निघालं. डोळ्याचा जपून ठेवलेला अवशेष १९९५ साली पुन्हा तपासला, तेव्हा हिरव्यासाठी लागणारं रंगद्रव्यच नव्हतं असं कळलं. स्वतःचा सिद्धान्त खोटा ठरायला डाल्टनला निदान मरावं लागलं. माझे दर पंधरवड्याला ठरत होते.

तिसरं डिझाइन शास्त्रशुद्ध होतं. कडेच्या नजरेला रंग कळत नाही पण हालचाल कळते ना? मग उघडझाप. बरोबरला एकदा मंद चमक. चुकीला किंवा गनचं नेटवर्क तुटलं तर अख्खा पडदा लाल-पांढरा, एका सेकंदात आठ वेळा, शिवाय पाठीमागचा टॉर्चही. ऑफिसात दाखवताना लोक दचकले. दचकणं हे मी यश धरलं. वेबच्या सुलभतेच्या नियमांत सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट करू नका असं स्पष्ट लिहिलेलं आहे. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटाने साडेसहाशेहून अधिक मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. हे सगळं मी वाचलं, पण नंतर.

ज्या दिवशी ते गनांत चढवलं त्याच दिवशी मालाच्या मालकांचे मोठे साहेब मुंबईहून पाहणीला येणार होते. मीही मुद्दाम हजर. गळ्यात व्हिजिटर कार्ड, पायात पांढरे बूट. बाहेर असा पाऊस, की दिवसा अंधारून आलेलं. मोठे साहेब शटरमधून आत आले, मी हात पुढे केला आणि लाइट गेली.

लाइट गेल्यावर काय काय होतं याची यादी माझ्याकडे नव्हती. पट्टा थांबला. ट्यूबा विझल्या. वायफायचा राउटर बंद पडला. गना मात्र बॅटरीवर चालतात. त्या आपलं नेटवर्क शोधायला लागल्या, ते मिळेना, आणि चाळीसच्या चाळीस गनांनी एका दमात माझं तिसरं डिझाइन सुरू केलं. काळोख्या गाळ्यात, रॅकांच्या फटीफटीतून, छतापर्यंत लाल-पांढरा लखलखाट. गणपतीच्या आराशीत एखाद्या मंडळाने देखावा म्हणून लंकादहन करावं तसं. पट्टा थांबल्यामुळे महिन्यात पहिल्यांदाच शांतता झाली होती, आणि त्या शांततेत चाळीस टुं-टुं अगदी स्वच्छ, प्रत्येकाची वेगळी, ऐकू येत होत्या.

"भाई, ये बत्ती पागल हो गई क्या?" पॅकिंगमधला एक पोरगा ओरडला. कुणीतरी गन खोक्यात कोंबून वर झाकण लावलं. झाकणाच्या फटीतून ती आणखीच भयानक दिसायला लागली. मोठ्या साहेबांनी डोळ्यांवर हात धरला. आणि फाटकावरच्या वॉचमनने शटरमधून हे आतलं तांडव पाहिलं आणि एका प्रामाणिक वॉचमनने जे करावं तेच केलं. शिट्टी फुंकली आणि "आग, आग" म्हणून भोंगा वाजवला.

सराव चांगला होता. दोन मिनिटांत सगळे बाहेर, मैदानात, हिरव्या पाटीखाली, भर पावसात. सुपरवायझरने हजेरी घेतली. पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा बोटाने मोजत आला आणि चिंतेने म्हणाला, "एक माणूस जास्त भरतोय."

मी हात वर केला.

साहेब त्यांच्या गाडीत जाऊन बसले होते. मला पॅकिंगमधल्या एका मावशींनी डोक्यावर धरायला रिकामं खोकं दिलं. बूट पांढरे राहिले नव्हते. आगीचा बंब येऊन, आत जाऊन, काहीच न विझवता परत जाईपर्यंत आम्हाला तिथेच उभं राहायचं होतं.

"हे तूच केलंस ना रे, दादा?" मावशींनी विचारलं. रागाने नव्हे, कुकरची शिट्टी कुणी काढली असं विचारावं तसं.

"हो."

"आमची नजर खोक्यावर. तुझा दिवा गनवर. मग गाठ पडायची कशी?" त्या पदराने चश्मा पुसत म्हणाल्या. "जिथं बघतो तिथंच लाव ना दिवा. खोक्यावर."

मी खोक्याखालून त्यांच्याकडे बघत राहिलो. गन जिथे रोखायची तिथेच, त्या बारकोडवरच, माल बरोबर असेल तर एक हिरवा ठिपका पडला पाहिजे. मान वळवायला नको, पडदा नको, कोपरा नको. आणि कुणाची गन हा प्रश्नच नाही. ज्याच्या खोक्यावर ठिपका त्याचा. पावसात उभ्या उभ्या मला ते इतकं स्वच्छ दिसलं, की पुण्याला पोचेपर्यंत ती कल्पना माझी झाली होती.

सत्तावीस स्लाइड केल्या. नाव दिलं 'जिथे दृष्टी तिथे संकेत'. पेटंटची चौकशी करावी का, असं मी शेवटच्या स्लाइडवर जरा विनयाने सुचवलं. सादरीकरण संपल्यावर हार्डवेअरवाला इंजिनिअर, जो एरवी माझ्या बैठकांत फक्त बिस्किटं खातो, म्हणाला, "पण ते आहे की त्यात."

"कशात?"

"गनमध्ये. पहिल्यापासून. बंद ठेवलेलं असतं." त्याने खोक्यातून गनबरोबर आलेली माहितीपुस्तिका काढली, जी मी उघडली नव्हती कारण तिचा टाइप मला आवडला नव्हता. या गनांच्या सेटिंग बदलायच्या असल्या तर पुस्तिकेत त्या त्या सेटिंगचा बारकोड छापलेला असतो. तो वाचून घ्यायचा, झालं. त्याने पान उलटलं, घोडा दाबला. टुंई. मग जवळच्या बिस्किटांच्या पुड्यावर गन रोखली. बारकोडवर टपोरा हिरवा ठिपका पडला.

खोलीत कुणी हसलं नाही, हे मी त्यांचे उपकार मानतो.

पुढच्या गोष्टी पटापट झाल्या, कारण त्यांत माझा हात कमी होता. यादीबाहेरचा माल निघाला तर ठिपका पडत नाही, मूठ लांब थरथरते, आणि बाजूचं बटण दाबल्याखेरीज गन पुढचं खोकं वाचतच नाही. हे अडवून धरणं सुपरवायझरने सुचवलं. पडद्यावर लाल-हिरवं काही नाही; काळ्यावर पांढरी मोठी अक्षरं. शब्दांपुरता मी शेवटचा अडून बसलो होतो, पण सगळ्यांनी मत दिलं आणि तिथे आता 'माल आपला नाही' असं आहे.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात शेवटचं बघायला गेलो. मामा नेहमीसारखे वाकले होते. लाल रेघ, मग गोल ठिपका, की खोकं ट्रॉलीत. मी कानाशी ओरडून विचारलं, "आता रंग कळतो?"

"रंगाचं काय करायचंय? ठिपका पडला, चला. नाही पडला, थांबा." मग जरा थांबून म्हणाले, "छान केलंत हो साहेब."

मी "मावशींनी सुचवलं" असं म्हणालो. जरा हळूच म्हणालो असेन. पट्टा जोरात होता, त्यांना ऐकू गेलं नसावं, आणि मीही पुन्हा ओरडून सांगितलं नाही.

माझ्या गळ्यातलं व्हिजिटर कार्ड तेव्हा लोंबत होतं. त्यावरही बारकोड असतो. मामांना काय लहर आली कोण जाणे, त्यांनी गन माझ्या छातीवर रोखली आणि घोडा दाबला. ठिपका पडला नाही. मूठ थरथरली. मामांनी पडदा डोळ्यांसमोर धरून, ते पाटीवरचं वाचतात तसं, मोठ्याने वाचलं, "माल आपला नाही." मग बाजूचं बटण दाबलं आणि पुढच्या खोक्याकडे वळले.